भाषण अपूर्ण

संध्याकाळी सहाला घंटा झाली आणि ठराव क्रमांक नऊ मतदानाला न येताच बाद झाला. त्या वेळी मास्तर बोलत होते. चार बेचाळीसला ते उभे राहिले होते. एक तास अठरा मिनिटांत ते पाच वेळा पाणी प्यायले, दोनदा त्यांनी चष्मा पुसला, आणि हरवलेलं पान शोधण्याच्या निमित्ताने साडेतीन मिनिटं तर एक अक्षर न बोलता काढली. घंटा झाली तेव्हा वाक्य अर्धं होतं, ते त्यांनी अर्धंच सोडलं. पूर्णविराम आला की सभापती 'आभारी आहे' म्हणून मोकळे होतात, असा एका जुन्या सभेतला अनुभव होता. तेव्हापासून शेवटच्या दहा मिनिटांत मास्तर पूर्णविरामाच्या वाटेला जात नसत. खुर्च्या सरकल्या, दिवे निम्मे झाले. चिटणिसांनी कागदावरून मान वर करून नेहमीचं विचारलं, "मास्तर, 'भाषण अपूर्ण' असं लिहू?" मास्तरांनी मान हलवली. "नियमाप्रमाणे सांगून ठेवतो," चिटणीस म्हणाले, "भाषण पूर्ण झालं असं उद्या सकाळी अकराच्या आत लेखी कळवलंत, तर ठराव जिवंत राहतो आणि महिनाअखेरच्या आत खास सभा घ्यावी लागते. नाही कळवलंत तर निकाली." हे चिटणीस दर वेळी सांगत. गेल्या चौदा वर्षांत कुणी काही कळवल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

ठराव नऊ हा कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या शाळेचा करार वाढवून देण्याबद्दल होता. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. अडतीस मुलं, चार शिक्षिका. इमारतीचा करार तीस तारखेला संपत होता आणि पुढची सभा सात तारखेला होती. मधल्या सात दिवसांत इमारत आपोआप रिकामी गणली जाणार होती आणि तिथे गाड्या लावायचा मजला उभा करण्याची निविदा भाऊंच्या टेबलावर तयार होती. भाऊ म्हणजे गटनेते. ठरावाच्या विरोधात जायचं नाही, हे त्यांनीच आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. "त्या पोरांच्या विरोधात हात वर केलेला फोटो कोणाला हवाय? आपण विरोध करायचाच नाही. आपण बोलायचं. म्हणजे आपण काय, मास्तरांनी." सगळे हसले होते, मास्तरही. सभागृहाचा एक नियम असा होता की सभासद जुन्या सभांचं इतिवृत्त वाचून दाखवत असेल तर त्याला मधे थांबवता येत नाही. स्वतःचं बोलणं वीस मिनिटांत आवरावं लागतं, पण सभागृहाचंच जुनं बोलणं वाचायला कितीही वेळ. बाकीच्यांना तो नियम माहीत होता. मास्तरांना तो वापरता येत होता. कुठल्या वर्षाचा कुठला खंड लांबलचक आहे, कुठल्या सभेत तळ्याच्या काठावरून भांडण झालं होतं आणि ते तेवीस पानं चाललं होतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. शाळेच्या ठरावावर तळं काढायचं, तळ्यावरून गटारं, गटारांवरून झाडं, आणि झाडांवरून पुन्हा शाळेच्या अंगणातल्या झाडापाशी यायचं, म्हणजे विषय सोडला असं कुणी म्हणू नये.

बाहेरच्या लांब गॅलरीत एक बाई त्यांची वाट बघत थांबली होती. चाळिशीची असावी, हातात कापडी पिशवी, बोटांच्या टोकांना सुयांनी टोचल्याचे बारीक काळे ठिपके. शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी, वेणीचं टोक दातांत धरून उभी. मास्तर जिन्याकडे वळले तशी बाई पुढे आली आणि म्हणाली, "साहेब, दोन मिनिटं." मास्तर थांबले. त्यांना वाटलं, आता शिव्या. शिव्यांची त्यांना सवय होती. शिव्या खाताना माणसाला कुठे बघायचं ते कळतं. पण बाई म्हणाली, "तुम्ही बोललात त्यातलं सगळंच काही मला कळलं नाही. मी शर्टांना काजं करते, मला एवढं कुठलं कळायला. पण आमच्या शाळेसाठी एवढा वेळ कुणी उभं राहिलं नव्हतं हो. ठराव मांडणाऱ्या त्या डॉक्टरीणबाई चांगल्या, पण पाच मिनिटांत बसल्या. तुमच्या पायांना कळ लागली असेल." मास्तरांच्या पायांना खरोखरच कळ लागली होती. डाव्या पोटरीत गोळा आला होता, आणि ती हे म्हणाली त्या क्षणी त्यांना, लाज वाटायच्या आधी, बरं वाटलं. सभागृहात चाळीस माणसं होती, घरी बायको होती, पायांचं कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "चालायचंच." बाई म्हणाली, "मग झालं ना आता आमचं? मी अर्धा दिवस टाकून आले होते, म्हटलं डोळ्यांनी बघावं. उद्या कारखान्यात सगळ्यांना सांगते."

तेवढ्यात मुलीने आईची बाही ओढली आणि हातांनी भराभर काहीतरी सांगितलं. बोटं छातीपाशी, मग मनगटावर, मग वर भिंतीकडे. मग तिने मान झटकन वर करून खाली केली, पुन्हा वर, पुन्हा खाली, पाच-सहा वेळा, आणि ते करताना ती मास्तरांकडेच बघत होती. बाई ओशाळून हसली. "हिचं तिरकसच असतं काहीतरी. मनावर घेऊ नका." "काय म्हणते?" मास्तरांनी विचारलं. "काही नाही हो." "सांगा ना." "ती म्हणते, तुम्ही सारखं घड्याळाकडे बघत होतात. म्हणते, या आजोबांना गाडी गाठायची होती का, मग बसले का नाहीत लवकर?" आणि मुलीने, आपलं म्हणणं आईने नीट पोचवलं की नाही हे पाहायला, मास्तरांच्या ओठांकडे नजर लावली. चाळीस माणसांनी तास-सव्वातास जे ऐकलं त्यातलं या पोरीला काहीही ऐकू आलं नव्हतं. तळं नाही, गटारं नाहीत, झाडं नाहीत. शब्द काढून घेतल्यावर मास्तरांचं जे उरतं तेवढंच तिने पाहिलं होतं: एक म्हातारा माणूस उभा आहे, तोंड हलवतोय आणि घड्याळाचा काटा पुढे सरकायची वाट बघतोय. मास्तर काहीतरी बोलले. म्हणाले की कामकाजाची एक पद्धत असते, त्याला टप्पे असतात, आजचा टप्पा हा एक टप्पा झाला, घाईने काही होत नसतं आणि घाईने होऊही नये. बाई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. मुलगी ओठांकडे बघत होती. "बघू," शेवटी मास्तर म्हणाले. "बघू आपण." आणि जिना उतरताना त्यांना ऐकू आलं, बाई मागून म्हणत होती, "जपून उतरा हो."

भाऊंच्या खोलीत चहा आला होता. "या, या! लांबण लावावी तर मास्तरांनी!" भाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "ते तळं काय काढलंत मधेच! तळं कुठे, शाळा कुठे! मला तर वाटलं, आता तुम्ही तळ्यातले मासे मोजून दाखवता." कुणीतरी म्हणालं, "मोजलेच असते, घंटा झाली म्हणून वाचले मासे." बिस्किटांची बशी मास्तरांकडे सरकवली गेली. "आमच्या सासूबाईंना तुमच्याकडे शिकवणीला पाठवणार होतो," भाऊ म्हणाले, "पण नको, त्यांच्यापुढे तुम्ही हराल." मग आवाज जरा खाली आणून, "वसंतात निवडणूक आहे. तुमची जागा पक्की समजा. सदुसष्ट म्हणजे काय वय आहे का?" मास्तर हसले. हसताना त्यांना जाणवलं की हसू खोटं नाही. पहिल्यांदा आनंदच झाला होता, नेहमीसारखा, छातीत ऊन पडल्यासारखा. आणि त्यानंतर, पायरी चुकावी तशी, ती मुलगी आठवली होती. हा क्रम त्यांना पुढे रात्रभर पुरला. वाईट वाटणं दुसरं आलं होतं. पहिलं आलं असतं तर स्वतःबद्दल काहीतरी बरं बोलायला जागा राहिली असती.

लांबण लावायचं वळण त्यांना वर्गात लागलं होतं. मास्तर एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते. पहिल्या-दुसऱ्या वर्षी कधीतरी तपासणी अधिकारी यायचे होते आणि वरच्या वर्गाच्या वह्या तयार नव्हत्या, मुख्याध्यापक धावत आले आणि म्हणाले, "साहेब आधी तुमच्या वर्गात बसतील. त्यांना इथून हलू देऊ नका, तोवर मी वह्या करून घेतो." मास्तरांनी चाळीस मिनिटांचा नद्यांचा तास सत्तर मिनिटांचा केला. नदीच्या उगमापाशीच त्यांनी वीस मिनिटं काढली. साहेब माना डोलावत राहिले, शाळा वाचली, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली, आणि मास्तरांना आपल्या अंगात काहीतरी आहे याचा शोध लागला. पुढे कित्येक वर्षं ते या गोष्टीला वक्तृत्व समजत होते. तिला वेळ मारून नेणं म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण वेळ मारायची म्हणजे नक्की कोणाची, हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. त्यांच्या वर्गातल्या मागच्या बाकावरचा एक मुलगा वर्षाच्या शेवटी म्हणाला होता, "सर, तुमच्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत." सगळा वर्ग हसला, मास्तरही हसले, आणि त्यांनी तो विनोद पुढे कितीतरी जणांना स्वतःवरचा म्हणून सांगितला, कारण स्वतःवर विनोद करणाऱ्या माणसाला लोक भला समजतात.

पण त्यांना सगळ्यात जास्त टोचत होतं ते वेगळंच. आज वाचलेल्या इतिवृत्तांत, पाच वाजून अकरा मिनिटांच्या सुमाराला, बावीस वर्षांपूर्वीची एक नोंद होती. शाळेला इमारत देण्याचा मूळ ठराव. तो त्यांनी मुद्दाम निवडला होता, कारण त्याला जोडलेली परिशिष्टं लांब होती: खोल्यांची मापं, खिडक्यांची संख्या, अंगणाची हद्द. ते मोठ्या आवाजात वाचत गेले, 'प्रस्ताव मांडला' पाशी आले, 'अनुमोदन' पाशी आले, आणि तिथे त्यांचंच नाव होतं. तेव्हा ते नव्याने निवडून आले होते. ते काय बोलले होते तेही खाली होतं, एवढंच: 'या मुलांना थांबायला लावू नये, असे मला वाटते.' त्याखाली, एकमताने मंजूर. वेळ चार मिनिटं. मास्तरांनी आपलं नाव वाचलं, आपलं वाक्य वाचलं, त्याच आवाजात, ज्या आवाजात खिडक्यांची संख्या वाचायची होती. मग थांबून पाणी प्यायले. सभागृहात कुणाच्याही लक्षात आलं नाही. प्रेक्षकांत बसलेल्या त्या बाईच्या बहुधा आलं असावं, त्या वाक्यामुळेच तिला मास्तर आपले वाटले असावेत. पण पाणी पिताना मास्तरांच्या मनात जे आलं ते हे होतं: अर्धं मिनिट मिळालं. तेवढंच आलं, बाकी काही नाही. ते आता पुलावरून घरी चालत होते आणि मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा म्हणून बघत होते, आणि त्यांना तो चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माणूस आठवेना. त्याने कुठला शर्ट घातला होता, त्याला ते वाक्य सुचलं कसं. चार मिनिटांत एखादी गोष्ट करता येते हे त्याला कुणी सांगितलं होतं?

बायको धुतलेले कपडे घड्या घालून ठेवत होती. आठ वाजले असावेत. त्यांच्या आवाजावरूनच तिने ओळखलं. "घसा बसलाय. आज किती?" "एक तास अठरा." "कोणाचं काय बुडवलंत?" "बुडवलं काय त्यात? चर्चा झाली." "मग काय झालं चर्चेचं?" "वेळ संपली." "अगंबाई," ती म्हणाली, आणि चादरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते धरलं. घडी घालताना दोघं जवळ आली, लांब गेली, पुन्हा जवळ आली. "त्या पोरांच्या शाळेचं होतं ना? सकाळी वाचलं मी." मास्तरांनी तिला सांगायला सुरुवात केली. करार काय आहे, नियम काय आहे, पक्षाची अडचण काय आहे, इमारतीचं वय किती आहे. ती म्हणाली, "मला नका समजावू. तुम्ही समजावायला लागलात की मला भीती वाटते." "भीती कसली?" "काहीतरी होऊन गेलेलं असतं." मग त्यांनी तिला उद्या अकराच्या आत लेखी कळवण्याचा नियम सांगितला. का सांगितला ते त्यांना कळलं नाही. ती म्हणाली, "मग लिहा की. दोन ओळींचं काम." "इतकं सोपं नसतं गं." "नसतंच," ती म्हणाली. "तुमचं कधीच नसतं." आणि चादर कपाटात ठेवायला आत गेली.

आतल्या त्या कपाटावर एक गादी होती. एका माणसाची, नवी, सुतळीने बांधलेली, नऊ वर्षांत एकदाही न उघडलेली. बायकोची आई तिकडे भावाच्या घरी आजारी होती, भावजयीला होत नव्हतं, आणि बायको म्हणाली होती, आईला इथे आणू या का? मास्तर नाही म्हणाले नव्हते. आयुष्यात ते कुणाला नाही म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, बघू. जागा कुठली द्यायची ते आधी ठरवू. मग जागा ठरली. मग डॉक्टर जवळ हवा. मग डॉक्टर मिळाला. मग उन्हाळ्यात प्रवास नको. मग ते स्वतःच बाजारात जाऊन गादी घेऊन आले, आणि ती गादी पाहून बायकोला एवढं भरून आलं होतं की त्यांना दोन आठवडे आणखी मिळाले. असे सात महिने. भिजत घोंगडं म्हणतात ते. अकरा तारखेला ते 'या महिन्याअखेर नक्की' म्हणाले आणि सतरा तारखेला भावाचा फोन आला. बायको त्यांना त्यावर एक शब्द बोलली नाही. गादी मात्र तिने कुणाला देऊ दिली नाही. कुणी पाहुणा आला तरी ती जमिनीवर सतरंजी घाली. मास्तरांनी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं की मी नाही म्हटलं नव्हतं. आजही, पुलावरून येताना, त्यांनी तेच स्वतःशी म्हणून पाहिलं होतं, शाळेबद्दल: मी विरोधात एक अक्षर बोललो नाही. आणि ते खरं होतं. सभागृहात ते कधीही खोटं बोलले नव्हते, हा त्यांचा खरा अभिमान होता. वाचलेलं प्रत्येक वाक्य खरं, प्रत्येक आकडा खरा, खिडक्या बावीस म्हणजे बावीस. खोटं बोलणाऱ्याला निदान काय लपवायचंय ते माहीत असतं.

चिठ्ठी त्यांनी सकाळी सातला लिहायला घेतली. पहिला मसुदा दीड पानांचा झाला. त्यात पार्श्वभूमी होती. दुसऱ्यात पार्श्वभूमी काढली, पण गटनेत्यांविषयी आदर आला. तिसरा फाडला. चौथा एका ओळीचा होता: 'ठराव क्रमांक नऊवरील माझे भाषण पूर्ण झाले आहे.' ती ओळ पाहून त्यांना कुठेतरी कपडे काढल्यासारखं झालं. साडेनऊला ते निघाले. कचेरी पंचवीस मिनिटांवर. बायकोने दारातून विचारलं, "चाललात?" "जरा जाऊन येतो." तिने घड्याळाकडे पाहिलं नाही, त्यांच्या खिशाकडे पाहिलं, खिशातून कागदाचं टोक दिसत होतं. ती म्हणाली, "वाटेत कुणाशी बोलू नका."

वाटेत न्हावी भेटला. भेटला म्हणजे दुकानाच्या दारात उभा होता, आणि मास्तरांनीच हनुवटीवरून हात फिरवला. दाढी वाढली होती हे खरं होतं. कचेरीत असं कसं जायचं? खुर्चीत बसल्यावर न्हाव्याने फेस लावला आणि मास्तर आरशातल्या पांढऱ्या तोंडाकडे बघत राहिले. "काल गाजवलीत म्हणे सभा," न्हावी म्हणाला. मास्तरांना मान हलवता येत नव्हती, गळ्याशी वस्तरा होता. "पेपरात आलंय. 'अभ्यासपूर्ण' म्हटलंय तुम्हाला." दाढी झाल्यावर त्यांनी तिथला पेपर उचलला. दहा ओळींची बातमी होती, ठराव बाद झाल्याचं शेवटच्या ओळीत होतं. ती त्यांनी दोनदा वाचली आणि मग शेजारची, पाण्याच्या नळांबद्दलची, तीही वाचली. दहा सव्वीसला ते कचेरीच्या पायऱ्या चढले. वर गॅलरीत बाक होता. चिटणिसांच्या खोलीचं दार बंद होतं आणि बाजूच्या खिडकीत नोंदणीची बाई बसली होती. तिच्यापुढे दोन माणसं होती. दोघांचं होऊन जाऊ दे, मास्तर म्हणाले, स्वतःशीच, आणि बाकावर बसले.

दोघांचं झालं. तिसरा आला, त्याला मास्तरांनीच हाताने 'तुम्ही घ्या' अशी खूण केली. त्यांनी खिशातून कागद काढून पाहिला. तारीख घालायची राहिली होती. तारीख घातली. मग वाटलं, 'पूर्ण झाले आहे' लिहावं की 'पूर्ण झाले असे समजावे' लिहावं? दुसरं जास्त नेमकं होतं, कारण खरं पाहता भाषण पूर्ण झालंच नव्हतं, वाक्य अर्धं राहिलं होतं. आणि चिठ्ठीत खोटं लिहायचं नव्हतं. ते त्या अर्ध्या वाक्यावर विचार करू लागले. काय म्हणायचं होतं त्या वाक्यात? झाडाचं काहीतरी. अंगणातल्या झाडाची सावली दुपारी कोणत्या खिडकीवर पडते, याची नोंद होती. तिथून पुढे काय होतं? त्यांना आठवेना, आणि आठवल्याशिवाय भाषण पूर्ण झालं असं म्हणायचं कसं, असा विचार त्यांच्या मनात शांतपणे, रांगेने, एकामागून एक येत राहिला. त्यांनी हे ओळखलं. आपण सभागृहात जे करतो ते आपल्यालाच करतोय, हे त्यांना स्वच्छ दिसलं, आणि दिसल्यावरही ते उठले नाहीत. दिसण्याचाही त्यांनी थोडा वेळ विचार केला. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारीचं दार दोनदा आपटलं. पायाला मुंग्या आल्या होत्या. भाऊ काय म्हणतील हे त्यांना ठाऊक होतं. भाऊ रागावणार नाहीत, भाऊ हसतील आणि म्हणतील, मास्तर, थकलात तुम्ही. वसंतात तिकीट दुसऱ्या कुणाला जाईल आणि सभा भरेल तेव्हा आपण घरी कपड्यांच्या घड्या घालत असू. आणि तिकडे अडतीस मुलं. त्यांना एकदम वाटलं की ही दोन्ही वजनं एका ताजव्यात घालायची आपल्याला लाज वाटायला हवी, आणि वाटतही आहे, पण पारडी हलताहेत. ते उठले.

खिडकीपाशी कुणी नव्हतं. "या मास्तर," नोंदणीची बाई म्हणाली. "साहेब मुख्य कचेरीत गेलेत, तीनला येतील. काही द्यायचंय?" त्यांनी चिठ्ठी दिली. तिने वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना मान खाली घालावी लागली. "बाई गं," ती हळूच म्हणाली. मग तिने नोंदवही उघडून त्यांच्यापुढे फिरवली. "इथे सही, इथे तारीख, आणि इथे वेळ. वेळ तुम्हीच लिहायची. सभासदाने स्वतःच्या हाताने. तुमचाच नियम ना तो? कारकून मागचीपुढची वेळ टाकतात म्हणून तुम्हीच हरकत घेतली होती. मी तेव्हा नवी होते, रडले होते घरी जाऊन." "हो का?" मास्तर म्हणाले. "जाऊ दे, जुनं झालं."

त्यांनी सही केली. तारीख घातली. मग वर पाहिलं. अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

बाईनेही पाहिलं. तिने लगेच नजर काढून घेतली आणि टाचण्यांची डबी उगाच सरळ केली. "वरची नोंद दहा पन्नासची आहे," ती डबीकडे बघत म्हणाली. "त्याखाली अजून कुणाची नोंद नाही. मी काही बघितलेलं नाही, मास्तर. माझी एक भाची त्या शाळेत आहे असं समजा." "आहे?" "नाही. पण समजा." मास्तरांनी पेन टेकवलं. दहा पंचावन्न. एवढे चार आकडे. त्यांच्या हाताने सभागृहाच्या दप्तरात एकही खोटा आकडा गेला नव्हता. बावीस खिडक्या म्हणजे बावीस. आणि खरा आकडा लिहायचा तर तोही चारच आकड्यांचा होता, आणि तो त्यांनी मिळवला होता: न्हावी, पेपर, बाक, तिघांना दिलेली वाट. बाकावर बसले असताना आपण याच चार मिनिटांची वाट बघत होतो का, असं त्यांनी स्वतःला विचारलं. मागे एक माणूस येऊन उभा राहिला होता. त्याने खाकरून विचारलं, "आजोबा, तुमचं झालं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही घ्या."

दुपारी बारा दहाला नोंदवहीचं पान उलटलं गेलं. मागच्या पानावर मास्तरांची चिठ्ठी टाचणीने लावलेली आहे. सही आहे, तारीख आहे. वेळेचा रकाना कोरा आहे. मास्तर गॅलरीतल्या बाकावर बसले आहेत, पेन त्यांच्याजवळच राहिलं आहे. नोंदणीच्या बाईने दोनदा खिडकीतून डोकावून पाहिलं, ते मागितलं नाही. चिटणीस तीनला येतील.